फर्लर म्हणजे तिसरा खलाशी नव्हे

शिडाच्या नौकांची हौस असलेल्या आपल्या मंडळींत सध्या एक मत बळावतंय. चाळीस फुटी नौकेवर दोनच माणसं असली तरी मागच्या वाऱ्याचं मोठं शीड लावायला कचरायचं कारण आता उरलेलं नाही, असं ते मत. नाळेवर टॉप-डाउन फर्लर बसवायचा, त्याची अखंड दोरी कॉकपिटपर्यंत आणायची आणि वारा वाढला की बसल्या जागी ओढायची. शंभर-सव्वाशे चौरस मीटरचा जेनेकर वरपासून खालपर्यंत गुंडाळला जातो आणि विषय संपतो. ‘फर्लर म्हणजे तिसरा खलाशीच’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याला जाहीर उत्तर देणं मला भाग वाटतं. हे म्हणणारे अनाडी नाहीत. मुंबईहून गोव्याला शिडावर जाऊन आलेली, दोरन्‌दोर ओळखणारी माणसं आहेत ती. नवशिके त्यांच्याकडे पाहून नौका सजवतात, त्यांच्या सल्ल्याने खर्च करतात, आणि मग त्याच भरवशावर रात्रीच्या समुद्रात शिरतात. म्हणून हे मत खोडून काढायला हवं.

त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा जेनोआचा आहे. ते म्हणतात, एकेकाळी पुढची शिडं कड्यांनी तारेला अडकवावी लागत. गुंडाळायचं जेनोआ आलं तेव्हाही जुन्या खलाशांनी नाकं मुरडली होती. आज त्याशिवाय कोणी नौका विकत घेत नाही. तेच आता जेनेकरचं होणार. ऐकायला हे पटतं. पण दोन्ही यंत्रांना फर्लर म्हणतात म्हणून ती एकाच जातीची होत नाहीत. जेनोआ ज्याच्याभोवती गुंडाळलं जातं ती ॲल्युमिनियमची कडक नळी असते, आणि ती डोलकाठीला पुढून धरून ठेवणाऱ्या ताठ तारेवर बसलेली असते. खाली ड्रम फिरला की वरचं टोकही त्याच क्षणी फिरतं. जेनोआ बेताने सपाट असतं, त्यामुळे ते आवळून बसतं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ते अर्धं गुंडाळता येतं. वारा १५ नॉटवरून २० वर गेला, थोडं आत घ्या. २५ झाला, आणखी घ्या. पूर्ण गुंडाळलेलं जेनोआ वादळातही वरच राहू शकतं.

जेनेकरकडे यातलं काहीही नाही. त्याला मधोमध नळी नाही, एक सहजी पीळ न खाणारा दोर आहे, तोही केवळ हॅलयार्डच्या, म्हणजे शीड वर चढवणाऱ्या दोराच्या, ताणावर उभा. कापड पातळ नायलॉनचं, आणि त्याला मुद्दाम मोठं पोट दिलेलं. ते अर्धं गुंडाळून चालवता येत नाही. विजेच्या बटणासारखा त्याचा कारभार आहे: एकतर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. ज्या शिडाला मधली अवस्था नाही, त्याला जेनोआच्या पंक्तीला बसवणं ही या सगळ्या वादातली मूळ चूक आहे. दोन माणसांच्या नौकेला सर्वांत जास्त गरज असते ती शीड थोडंथोडं कमी करण्याची. ते काम हा फर्लर करतच नाही.

तो प्रत्यक्षात कसा चालतो हेही एकदा सांगायला हवं, कारण धक्क्यावर दाखवताना हा भाग घाईत उरकला जातो. खालचा ड्रम फिरवायला सुरुवात केली की पहिले कित्येक फेरे काहीच घडत नाही. नुसता दोराला पीळ बसतो. पीळ पुरेसा साठला की वरचा फिरता सांधा अचानक सुटतो आणि शिडाचा माथा गुंडाळायला लागतो. हॅलयार्ड थोडं ढिलं असेल तर पीळ वर पोचायच्या आधीच दोर मध्येच दुमडून त्याचा आढा बनतो. शिडात वारा भरलेला असेल तर कापडाचा ओढा दोराच्या पिळापेक्षा वरचढ ठरतो आणि माथा उलट फिरतो. शीट, म्हणजे शिडाचा मोकळा कोपरा आवरणारी दोरी, फार सैल सोडली तर गुंडाळी पोकळ बसते, फार घट्ट धरली तर गुंडाळलं जात नाही. म्हणून योग्य रीत अशी: नौका वाऱ्याच्या दिशेने पुरती वळवायची, जेनेकर मेनसेलच्या आडोशाला आणायचा, त्यातला वारा मोडायचा, शीट बेताने सोडत जायची, आणि मग ड्रम सलग, न थांबता ओढायचा. एक हात सुकाणूवर, एक शीटवर, दोन ड्रमच्या दोरीवर. मोजा हात.

आणि ही रीत नीट बघितली तर ध्यानात येतं की सॉक, म्हणजे शिडावर वरून खाली ओढायची ती लांब कापडी नळी, वापरतानाही नेमकं हेच करावं लागतं. आडोसा, ढिली शीट, मग ओढणं. खलाशाची कला जिथल्या तिथे आहे. फर्लरने ती वगळलेली नाही.

यावर उत्तर मिळतं: सॉक ओढायला नाळेवर जावं लागतं, फर्लरला कॉकपिट सोडावं लागत नाही, हीच तर सुरक्षितता. हा मुद्दा मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण तो अर्धाच खरा आहे. गुंडाळलेला जेनेकर वर ठेवून देता येत नाही. ती जाड, बुळबुळीत, पंधरा मीटरहून लांब गुंडाळी तारेच्या पुढे लटकत हेलकावत असते. जोराचा वारा तिच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात एक फट शोधतो, तिथून कापडाचा फुगा बाहेर पडतो, आणि मग ते शीड ना उघडतं ना मिटतं. ड्रम अडतो. अर्ध्या उघड्या शिडाचे फटके डोलकाठीला बसू लागतात. म्हणजे गुंडाळल्यावर ते लगेच उतरवून पिशवीत घालायलाच हवं, आणि ते काम नाळेवरचंच आहे. फर्लर तुमची नाळेवरची फेरी वाचवत नाही, फक्त पुढे ढकलतो. बहुतेक वेळा ती अशा घटकेपर्यंत ढकलली जाते जेव्हा वारा वाढलेला असतो, अंधार पडलेला असतो आणि दुसरं माणूस झोपेतून नुकतं उठलेलं असतं.

मागच्या वाऱ्याचा फसवेपणा इथे समजून घ्यावा लागतो. १५ नॉटचा वारा मागून येतोय आणि नौका ७ नॉटने पळतेय, तर डेकवर जाणवतो तो फक्त ८ नॉटचा. कपाळावर घामही सुकत नाही. सगळं सुरळीत वाटतं. त्याच घटकेला एका लाटेने पिछाडी ढकलली, नौका गर्रकन वाऱ्याला आडवी झाली आणि थांबली, तर शिडावर पूर्ण १५ नॉटचा वारा आदळतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे साडेतीन पट दाब, आणि तोही आडवा. दरम्यान वारा २२ झाला असेल तर तोच दाब सात पटींच्या वर जातो. पुढच्या वाऱ्यावर चालताना समुद्र तुम्हाला वेळेत बजावतो. नौका कलते, तोंडावर पाणी उडतं, माणूस आपणहून शीड कमी करतो. मागच्या वाऱ्यात ती सूचना मिळत नाही. ‘वारा वाढला की दोरी ओढू’ या वाक्यातला ‘की’ त्यामुळे फार उशिरा येतो. यंत्र कितीही चांगलं असो, ते कधी वापरायचं हे ठरवणारी जाणीवच जिथे बधिर झालेली असते, तिथे यंत्राच्या भरवशावर मोठं शीड ठेवणं मला मान्य नाही.

‘ऑटोपायलट आहे की’ असंही म्हणतात. ऑटोपायलटला नौका वळल्यावर कळतं. चांगला सुकाणवाला मागून येणारी लाट पाठीत ओळखतो आणि ती पोचायच्या आधी सुकाणू देतो. मोठ्या शिडाखाली नेमका तेवढाच फरक नौका सरळ ठेवतो किंवा आडवी पाडतो. याहून जास्त त्या मुद्द्यावर बोलण्यासारखं नाही.

मग एवढे अनुभवी लोक फर्लरवर खूश का? कारण त्यांचा अनुभव खरा आहे, पण तो कुठला आहे ते पाहायला हवं. कोकण किनाऱ्यावर डिसेंबर ते फेब्रुवारीत दुपारी खारे वारे वायव्येकडून वाहू लागतात. मुंबईहून दक्षिणेला निघालेल्या नौकेला ते मागून मिळतात. दहा-बारा नॉट, कधी पंधरा. आकाश निरभ्र, लाट लहान. संध्याकाळी वारा पडतो, रात्री जमिनीकडून मतलई वारे येतात. मुरूड, जयगड, विजयदुर्ग मागे टाकत जाताना याहून सुंदर शिडवारा जगात कमी ठिकाणी मिळेल. या वाऱ्यात फर्लर चालतो, सॉक चालतो, नुसतं शीड खाली ओढून घेतलं तरी चालतं. कोकणचा हिवाळा कोणत्याही साधनाला पास करतो. याच मंडळींचे बेत मात्र आता मालदीवचे आणि सेशेल्सचे आहेत, जिथे विषुववृत्ताजवळ रात्रीच्या काळ्या ढगाखाली काही मिनिटांत वारा दुप्पट होतो आणि दिशाही बदलतो. एका पाण्यातला दाखला दुसऱ्या पाण्यात चालत नाही.

आणि कोकणातही सगळंच सोपं कुठे आहे? किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरापर्यंत जाळी पसरलेली असतात, छोट्या होड्यांवर कधी दिवा असतो कधी नसतो, ट्रॉलर कधी कुठे वळेल सांगता येत नाही. जेनेकर लावलेली नौका झटकन वळू शकत नाही. तिला एका बाजूला वाव नसतो आणि दुसऱ्या बाजूला वळली तर शीड कोसळून तारेभोवती गुरफटतं. ज्यांच्या पोटापाण्याची जाळी आहेत त्यांच्या शेतातून आपण हौसेखातर चाललेलो असतो. वळता येईल अशा शिडावर चालणं, एवढं तरी आपण त्यांचं देणं लागतो.

याच किनाऱ्यावरच्या जुन्या गलबतांचीही आठवण द्यावीशी वाटते. त्यांच्या तिरक्या शिडाचा लांबलचक वासा वारा बदलताना डोलकाठीच्या पुढून फिरवून दुसऱ्या बाजूला न्यावा लागे, आणि त्याला डेकभर माणसं लागत. त्या काळी शीड किती मोठं, हे ठरवताना हात किती, हा हिशेब सुटत नसे. आपण मात्र शीड तेवढंच ठेवून हात कमी केले आहेत.

‘व्हाँदे ग्लोबमध्ये एकटे खलाशी साठ फुटी नौकांवर याहून दुप्पट-तिप्पट शिडं हाताळतात’ हा दाखला तर हमखास दिला जातो. हाताळतात खरे. पण ते खलाशी पूर्ण वेळ हेच करतात, त्यांची नौका याच कामासाठी पहिल्या रेषेपासून आखलेली असते, किनाऱ्यावर तज्ज्ञांचा संघ त्यांच्या प्रत्येक दोराची झीज तपासतो, आणि त्यांनी शर्यतीसाठी जोखीम उघड्या डोळ्यांनी पत्करलेली असते. तरीही डोलकाठ्या मोडतात. दाखलाच हवा असेल तर मी दुसरा देतो. २०१८च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, ३६ फुटी नौकेवर एकट्याने जगाला वळसा घालायला निघण्यापूर्वी, ज्याँ-ल्युक व्हान दन हीड या फ्रेंच खलाशाने आपली डोलकाठी सुमारे दीड मीटरने कापून लहान केली. कमी शीड, कमी ओझं, मजबूत बांधणी. वयाच्या ७३व्या वर्षी, जानेवारी २०१९मध्ये, तो ती शर्यत जिंकला. त्याच शर्यतीत आपल्या अभिलाष टॉमीची ‘थुरिया’ दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठी गमावून बसली आणि तो स्वतः जबर जखमी झाला. त्याचा जेनेकरशी संबंध नव्हता, ते वादळच भीषण होतं. पण एकटा माणूस जखमी झाला की नौकेवर शून्य माणसं उरतात, हे त्या २०१८च्या सप्टेंबरात आपण सगळ्यांनी श्वास रोखून पाहिलं आहे.

दोघांच्या नौकेवरही हिशेब फार वेगळा नसतो. दिलना के. आणि रूपा ए. या नौदलातल्या दोघी अधिकारी २ ऑक्टोबर २०२४ला गोव्याहून ५६ फुटी ‘तारिणी’ घेऊन निघाल्या आणि मे २०२५च्या अखेरीस पृथ्वीला वळसा घालून परतल्या. त्यांच्यामागे मैलोन्‌मैल प्रशिक्षण होतं. अशा प्रवासात एक झोपते तेव्हा दुसरी एकटी असते, आणि ही झोप चैन नसते. तिच्यावरच दुसऱ्या दिवसाचा शहाणपणा उभा असतो. म्हणून दोघांच्या नौकेवरचं प्रत्येक शीड एका माणसाला, दुसऱ्याला न उठवता, उतरवता आलं पाहिजे. माझी कसोटी एवढीच आहे, आणि जोराच्या वाऱ्यातला जेनेकर, फर्लर असो वा नसो, तिच्यावर उतरत नाही.

‘मग काय सारखं इंजिन चालवायचं?’ या प्रश्नात मात्र तथ्य आहे. सहा-आठ नॉटच्या मागच्या वाऱ्यात मेनसेल धडाधड आपटतं, जेनोआ मरगळतं, आणि मोठ्या हलक्या शिडावाचून नौका चालत नाही. तिथे जेनेकर लावावा, जरूर लावावा. दिवसा, दोघंही जागे असताना, क्षितिज स्वच्छ असताना. सूर्य कलायच्या आत उतरवावा. पण जोराच्या वाऱ्यात त्याने वेग वाढतो, हा समज तपासून पाहा. पाण्यात बसून चालणाऱ्या नौकेच्या वेगाला तिच्या पाण्यालगतच्या लांबीची मर्यादा असते. ती लांबी ३६ फूट असेल तर तिच्या वर्गमुळाला १.३४ने गुणा: सुमारे ८ नॉट. १८ नॉटच्या मागच्या वाऱ्यात मेनसेल आणि पोलवर, म्हणजे डोलकाठीपासून बाजूला काढलेल्या दांडीवर, ताणलेलं जेनोआ नौकेला त्या मर्यादेच्या जवळ आधीच नेतं. त्यावर सव्वाशे चौरस मीटर आणखी चढवले की मिळतो अर्धा-एक नॉट, आणि बाकी सगळी ताकद सुकाणू, डोलकाठी आणि माणसांच्या मज्जातंतूंवर खर्च होते.

पोलचं नाव काढल्यावर लोक कंटाळतात. जुनाट वाटतं ते. पण मला कमी माणसांच्या नौकेसाठी खरं उत्तर तिथेच दिसतं. ऑटवे वॉलर नावाच्या आयरिश खलाशाने १९३०मध्ये आपल्या ‘इमोजेन’वर दोन बाजूंना दोन सारखी शिडं पसरून त्यांच्या ओढीनेच नौका सरळ चालवली, कॅनरी बेटांपर्यंत. १९३३मध्ये फ्रेंच चित्रकार मारँ-मारीने ‘विनिबेल’वरून एकट्याने अटलांटिक ओलांडताना जुळ्या शिडांचीच रीत वापरली. आजच्या नौकेवर ती आणखी सोपी झाली आहे. पोल तीन दोरांनी, वरून, पुढून आणि मागून, जागच्या जागी बांधून टाकायचा, जेनोआची शीट त्याच्या टोकातून ओवून घ्यायची. आता पोल आणि शीड एकमेकांवर अवलंबून नाहीत. वारा वाढला तर कॉकपिटमधून जेनोआ थोडं गुंडाळा, पोल जिथे आहे तिथेच राहतो. आणखी वाढला, आणखी गुंडाळा. पूर्ण गुंडाळून मग उजेडात, सवडीने पोल उतरवा. फर्लरची जी शपथ लोक घेतात, ती इथे खरी ठरते. कारण इथे तो फर्लर कडक नळीवर आहे आणि शीड अर्धंही चालतं. एकटं माणूस, दुसऱ्याला न उठवता, हे करू शकतं.

ज्यांना तरीही जेनेकर ठेवायचाच आहे, त्यांनी यंत्राविना तो उतरवण्याची एक रीत तरी हातात बसवावी, कारण यंत्र अडणार ते नेमकं गरजेच्या वेळीच. शीट बूमच्या खालून आत घ्यायची, नौका वाऱ्यासोबत वळवून शीड मेनसेलच्या आडोशाला आणायचं, नाळेवरचा टॅक मोकळा सोडायचा. शिडाचं खालचं टोक सुटलं की त्यातली ताकद जाते आणि ते आडोशात फडफडत राहतं. मग मेनसेलचा खालचा काठ आणि बूम यांच्यामधल्या फटीतून ते हाताशी ओढत थेट केबिनच्या दारात कोंबायचं, आणि हॅलयार्ड ओढीच्या बेताने सोडत जायचं. ते भसकन सुटलं तर शीड पाण्यात जाऊन नांगरासारखं नौकेला धरतं. हॅलयार्ड आधीच मोकळं, गुंता काढून पसरलेलं हवं. अर्ध्या अधिक फजित्या तिथल्या एका गाठीने होतात.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा सगळा वाद घालतोय. जेनेकरखाली नौका ७ नॉटने धावतेय, म्हणजे सेकंदाला साडेतीन मीटरहून जास्त. दोघांपैकी एक जण पाण्यात पडला. उरलेल्या एकट्याला आधी शीड उतरवायचं आहे, कारण ते वर असेपर्यंत नौका मागे फिरू शकत नाही. सगळं बिनचूक झालं आणि पाच मिनिटांत शीड डेकवर आलं, तर तोवर नौका एक किलोमीटरहून पुढे गेलेली असते. दीड-दोन मीटरच्या लाटांत एक किलोमीटरवरचं माणसाचं डोकं दिसत नाही. ड्रम अडला असेल तर पाचाची दहा मिनिटं होतात. नवरा-बायको, बाप-लेक, दोन मित्र, अशाच जोड्या या नौकांवर असतात. त्यांना ‘तिसरा खलाशी’ आहे असं सांगून आपण समुद्रावर पाठवतोय, आणि तो तिसरा खलाशी अशा वेळी कोणालाही पाण्यातून काढत नाही.

म्हणून माझं क्लबांना आणि शिकवणाऱ्यांना आग्रहाचं सांगणं आहे. टॉप-डाउन फर्लर धक्क्यावर, पडलेल्या वाऱ्यात दाखवणं बंद करा. १८ नॉटच्या वाऱ्यात, दुसऱ्या माणसाला कॉकपिटमध्ये हात बांधून बसवून, एकट्याकडून शीड गुंडाळून, उतरवून, पिशवीत भरून घ्या. मग ड्रमची दोरी अडली असं समजून, यंत्राला हात न लावता तेच पुन्हा करायला लावा. ज्यांना जमेल त्यांनी खुशाल रात्री जेनेकर लावावा, माझी हरकत नाही. ज्यांना जमणार नाही त्यांच्या नौकेवर फर्लरच्या आधी एक चांगला पोल आणि त्याचे तीन दोर बसवून द्या.